दहा घोड्यांची गाडी आणि एक सही

इंदूरला मी आयुष्यात एकदाच गेलो, २०१८ सालच्या जानेवारीत, आणि तेही एका खोट्या सहीपायी.

सांगतो. मी सरकारी कारकून. माझ्या टेबलावरून रोज पाच-पन्नास अर्ज जातात आणि त्यातले निम्मे तरी मी परत पाठवतो. तारीख नाही, रकाना कोरा आहे, सही दुसऱ्याची दिसते, कारणं काय हजार. लोक शिव्या घालतात, पण आपलं काम आपण करावं. तर अशा माणसासमोर त्याच्या भाच्याने एका संध्याकाळी एक कागद ठेवला. वर लिहिलं होतं, 'पालकांचे संमतीपत्र'.

भाचा तेव्हा वीस वर्षांचा. आमच्या गोव्यातल्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला होता. त्याच्या वर्गातल्या पंचवीसेक पोरांनी मिळून एक गाडी बांधली होती आणि ती घेऊन ते शर्यतीला चालले होते. इंदूरजवळ पिथमपूरला. आणि गाडी चालवणाऱ्या दोघांपैकी एक हा होता.

"आईची सही घे की," मी म्हटलं.

तो काहीच बोलला नाही. बोलायची गरजही नव्हती. माझे भावोजी २००९ साली गेले. डिचोलीकडून घरी येताना स्कूटरवर होते, समोरून खनिजाचा ट्रक आला. त्या वर्षांत ज्यांनी तो रस्ता पाहिला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. लाल चिखल, लाल धूळ आणि फेऱ्यांच्या हिशोबावर पळणारे ट्रक. २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा अर्धा गाव रडला, पण ताई रडली नाही. तिच्या घरात त्यानंतर दुचाकी आली नाही. पोरगा कॉलेजला कदंबच्या बसने जायचा. अठरा पूर्ण झाल्यावर माझ्या जुन्या मारुती ८०० वर मी त्याला गाडी शिकवली, तीसुद्धा आमच्या देवळाच्या मागच्या मोकळ्या जागेत, आणि ताई तिथल्या पारावर बसून राहायची. शिकवणी संपेपर्यंत उठायची नाही.

आता अशा बाईकडे शर्यतीचा कागद कोण घेऊन जाणार?

मी सही केली. 'नाते' या रकान्यात 'मामा' लिहिलं. ते खरं होतं. खाली 'पालक स्वतः सही करत नसल्यास कारण' असा रकाना होता, तिथे लिहिलं, 'वडील हयात नाहीत. आई प्रकृतीच्या कारणास्तव येऊ शकत नाही.' ताईची प्रकृती ठणठणीत होती. त्या दिवशी सकाळीच तिने विहिरीवर दोन घागरी ओढल्या होत्या. अक्षर मात्र माझं सुरेख आलं. सवयीने मी कागदाची एक झेरॉक्सही काढून ठेवली, आणि मग रात्रभर झोप नाही.

सही केलीच आहे तर निदान बरोबर तरी जावं, असं म्हणून मी रजा टाकली. ताईला सांगितलं, कॉलेजची सहल आहे, मोठं माणूस हवं म्हणून जातो. तिने वाटेत खायला लाडू दिले.

मंडळी, या शर्यतीविषयी थोडं सांगायला हवं, कारण मलाही तेव्हा काही ठाऊक नव्हतं. इंग्रजी स्पेलिंगवरून मी तिला 'बाजा' म्हणत होतो आणि पोरं हसत होती. उच्चार 'बाहा'. मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्निया या वाळवंटी भागात गाड्यांच्या मोठ्या शर्यती होतात, त्यावरून हे नाव आलं. १९७६ साली अमेरिकेत साउथ कॅरोलायना विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी ही सुरू झाली. आपल्याकडे 'एसएई-इंडिया' ही मोटार अभियंत्यांची संस्था २००७ पासून ती भरवते, आणि पिथमपूर हे तिचं जुनं ठिकाण. विद्यार्थ्यांनी एका माणसाला बसता येईल अशी गाडी स्वतः आखायची, स्वतः बांधायची, आणि मग खड्डे, चढ, दगड, चिखल यांतून चार तास चालवून दाखवायची. इंजिन तेव्हा सगळ्यांना एकच होतं, ३०५ सी.सी.चं, दहा अश्वशक्तीचं, अमेरिकन बनावटीचं. त्याला हात लावायचा नाही. म्हणजे ज्याचा बाप श्रीमंत त्याचं इंजिन मोठं, असा प्रकार नाही. सगळ्यांकडे घोडे दहाच. आता गाडी हलकी कशी करायची, गिअर कसे बसवायचे, चाकं खड्ड्यात कशी आदळू द्यायची हे ज्याचं त्याने बघायचं.

मोटारींच्या शर्यती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रेशमी स्कार्फ आणि शॅम्पेन येतं. इथे पोरांनी जत्रेत कुपनं विकून पैसे उभे केले होते. पहिलं बक्षीस मिक्सर. एका फोंडेकर लेथवाल्याने फुकट काम करून दिलं. गिअरबॉक्स मालवाहू तीनचाकीचा. आणि ब्रेकचा मास्टर सिलिंडर? तो माझ्या मारुतीचा. २०१६ साली मी ती गाडी भंगारात काढली तेव्हा पोरांनी येऊन तिचे काही अवयव काढून नेले होते. मला ते प्रेतावरचे दागिने काढल्यासारखं वाटलं होतं, पण भाच्यापुढे बोललो नाही.

भाच्याला चालक का केलं हेही मी विचारलं. मला वाटलं, हात चांगला असेल, आपण शिकवलंय. तर त्यांचा कॅप्टन म्हणाला, "सर, तो बावन्न किलोचा आहे ना!" पंचवीस जणांत सर्वांत हलका. दहा घोड्यांच्या गाडीत चालकाचे दहा किलो कमी होणं म्हणजे केवढी तरी गोष्ट. बापाविना वाढलेलं पोर, अंगाने बारीक राहिलं, त्याचा असा उपयोग झाला.

गाडी ट्रकमधून पुढे गेली. आम्ही मडगावहून कोकणकन्याने मुंबई आणि तिथून अवंतिका एक्सप्रेसने इंदूर. मुलांची सोय तिकडे सामुदायिक होती. माझी राजेंद्रनगरात, बायकोच्या लांबच्या काकांकडे. हे कुटुंब चार पिढ्या इंदुरात. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि तिच्या आगेमागे ही सगळी मराठी घरं तिकडे रुजली, त्यांतलंच एक. काकांनी दार उघडलं आणि म्हणाले, "या, बसा. काकू भाजी सुधारतेय." मी घाबरलो. बिघडली होती की काय? नंतर कळलं, इंदुरी मराठीत भाजी चिरत नाहीत, सुधारतात. आपण गोव्यातले लोक घरात कोकणी बोलतो, मराठी लिहितो, आणि आमच्या मराठीला पुण्याचे लोक हसतात. इथे एक घर हिंदीच्या समुद्रात दोनशे वर्षं पोहून मराठी राखून आहे, तिला थोडं खारं पाणी लागणारच. मला तर ती भाषा फार गोड वाटली.

आणि गोव्याच्या माणसाला इंदूर परकं वाटण्याचं कारण नाही. आमच्या मंगेशीचे मास्टर दीनानाथ, त्यांची थोरली लेक लता इथेच जन्मली, २८ सप्टेंबर १९२९ ला, शीख मोहल्ल्यात. मंगेशी माझ्या घरापासून बसने पंधरा मिनिटं. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "अहो, ती आमची." मी म्हटलं, "नाव कोणाचं आहे बघा." यावर दोन कप चहा झाला.

पिथमपूर इंदूरपासून पंचवीस-तीस किलोमीटर, धार जिल्ह्यात. राऊवरून जायचं, बाबासाहेबांचं महू डावीकडे राहतं. ट्रक, टेम्पो यांचे मोठे कारखाने तिथे आहेत, आणि केंद्र सरकारचं वाहनं तपासण्याचं केंद्र, 'नॅट्रॅक्स'. आम्ही गेलो तेव्हा तिथे अतिवेगाचा मार्ग पुरा व्हायचा होता. पुढे २९ जून २०२१ ला त्याचं उद्घाटन झालं. ११.३ किलोमीटरचा, लंबवर्तुळाकार, आशियातला सर्वांत लांब. भाच्याने बातमी मला पाठवली, खाली लिहिलं, 'मामा, आपण याच्या बाजूला धूळ खाल्ली.'

खाल्ली खरंच. काळी धूळ! आमच्याकडे सगळं लाल. लाल माती, लाल पाय, पावसात लाल ओहोळ. माळव्याची माती काळी, आणि जानेवारीत ती पिठासारखी उडते. गुरुवारी पांढरे सदरे घालून आलेली पोरं शनिवारपर्यंत कोळशाच्या वखारीतली दिसायला लागली. मैदानभर तंबू. तमिळ, पंजाबी, ओडिया, गुजराती, आणि मराठी तर पावलोपावली. पुणे, नाशिक, सांगली, नागपूर. शेजारच्या तंबूत एक मुलगी डोळ्यांवर ढाल धरून वेल्डिंग करत होती. तिचे वडील बाजूला स्टुलावर बसून तिचा डबा सांभाळत होते. आमची लगेच ओळख झाली. दोघांनाही काही समजत नव्हतं.

मला जे समजलं ते एकच, ते म्हणजे तपासणी. वा! काय तपासणी ती! शर्यतीच्या आधी दोन दिवस नुसती गाडी तपासतात. सांगाड्याच्या नळीची जाडी यंत्राने मोजतात. वेल्डिंगचे नमुने कापून दाखवावे लागतात. इंजिन बंद करायची बटणं दोन, एक चालकाच्या हाताशी, दुसरं बाहेर मागच्या बाजूला, म्हणजे चालक बेशुद्ध असला तरी दुसरा कोणी बंद करू शकेल. पट्टे पाच ठिकाणी बांधायचे. हेल्मेटखाली मानेभोवती गळपट्टा. आणि दोन्ही हातांना वेगळे पट्टे, गाडी उलटली तर हात सांगाड्याबाहेर फेकले जाऊ नयेत म्हणून. हे सगळं बांधलेल्या अवस्थेतून चालकाने पाच सेकंदांत बाहेर यायचं. तपासनीस घड्याळ धरून उभा. भाचा पहिल्यांदा सात सेकंद, दुसऱ्यांदा सहा. हाताचा पट्टा अडकत होता. तिसऱ्यांदा चार आणि काहीतरी. तपासनिसाने कागदावर खूण केली आणि पुढच्या रकान्यावर गेला. चेहऱ्यावर काही नाही. मी मनात म्हटलं, हा आपल्या जातीचा माणूस. या मैदानावर कोणीही 'चालवून घ्या हो' म्हणत नव्हतं, आणि म्हटलं असतं तरी कोणी ऐकलं नसतं. मला माझी सही आठवली. पोटात कसंतरी झालं.

शनिवारी ब्रेकची परीक्षा. गाडी वेगात आणायची, ब्रेक दाबायचा, चारही चाकं एकाच वेळी जाम झाली पाहिजेत. तीन झाली आणि एक फिरत राहिलं तर नापास. आमचं मागचं डावं फिरत राहिलं.

पोरांनी ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली. पुन्हा रांग, पुन्हा नापास. पुन्हा हवा काढली. कॅप्टन आता कोणाशी बोलेना. वर्षभराचं काम, आणि ब्रेक पास नाही तर रविवारी मैदानात पाऊल टाकता येत नाही. शेवटी कोणीतरी मास्टर सिलिंडर उघडला, आतला रबरी सील कुरतडल्यासारखा झाला होता. सील वीस वर्षं जुना. माझ्या गाडीचा.

भाचा माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "मी आणतो."

काकांचा मुलगा मोटारसायकल घेऊन आला होता. भावोजी गेल्यापासून मीही दुचाकीवर बसलेलो नव्हतो, हे मला त्याच्या मागे बसल्यावर आठवलं. महूला गेलो. सुट्या भागांचं एक दुकान, तिथे नाही. दुसरं, तिथे कुलूप. तिसऱ्या दुकानात म्हाताऱ्या दुकानदाराने विचारलं, "कौन सा मॉडल?" आता ही गोष्ट मला कोणी झोपेतून उठवून विचारली तरी सांगता आली असती. साल, महिना, रंग, गाडीचा नंबर, सगळं सांगितलं. तो हसला. आतून एक धुळकट पुडकं काढलं. "आखिरी पीस है," म्हणाला. खरंखोटं देव जाणे, ते सगळेच असं म्हणतात. मी घासाघीस केली नाही. (आयुष्यात बहुधा पहिल्यांदा.)

आम्ही परत पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. पोरांनी सील बसवला. शेवटची काही मिनिटं उरली असताना गाडी रांगेत लागली. भाचा बसला. बसता बसता मला म्हणाला, "भियेनाका मामा." मी कुठे घाबरलो होतो? गाडी आली, ब्रेक लागला, काळ्या मातीवर चार रेघा उठल्या. एकदम सरळ चार रेघा. तपासनीस वाकून चालत चालत एकेक रेघ बघत गेला, आणि मग खूण केली. पंचवीस पोरं अशी ओरडली की शेजारच्या तंबूतली वेल्डिंगवाली मुलगी पळत आली.

त्या रात्री काकांनी मला सराफ्यात नेलं. दिवसा सोन्याचांदीची पेढी, रात्री दुकानं बंद झाली की त्याच पायऱ्यांवर खाऊगल्ली. गराडू खाल्ला. थंडीत मिळणारा कंद, तळून वर मसाला आणि लिंबू. मक्याचा कीस खाल्ला. सकाळच्या पोह्यांत बडीशेप असते आणि वर शेव आणि जीरावण, हेही लिहून ठेवतो. पण खरं सांगायचं तर चव लागत नव्हती. डोक्यात उद्याचे चार तास होते.

रविवार. सगळ्या गाड्या एकामागून एक सुटतात. मार्ग मुद्दाम वाईट केलेला. मातीचे उंचवटे, लाकडाचे ओंडके, खड्डे, एका ठिकाणी पाणी सोडून केलेला चिखल. चार तासांत जो जास्त फेऱ्या मारेल तो पुढे. मोडली तर ओढून आणायची, दुरुस्त करायची, पुन्हा आत सोडायची. घड्याळ थांबत नाही. पहिले दोन तास दुसरा मुलगा चालवत होता. त्यात एकदा मागचा पट्टा तुटून वीस मिनिटं गेली. मग भाचा बसला.

मी कुंपणापाशी उभा. लांबून सगळ्या गाड्या सारख्याच, काळ्या. आमच्या गाडीच्या मागे पोरांनी एक छोटं लाल फडकं बांधलं होतं, शिगम्याच्या पताकेतलं, म्हणून ओळखू यायची. दर फेरीला ते लाल फडकं उंचवट्यामागून वर यायचं, क्षणभर हवेत, आणि खाली. मी मोजत होतो. सातवी, आठवी, नववी.

दहाव्या फेरीला ते वर आलं ते तिरकं. एक चाक आधी टेकलं. गाडी कुशीवर गेली आणि थांबेल असं वाटताना अजून अर्धं कोलमडून उलटी झाली. चाकं वर, फिरताहेत. पिवळं निशाण हललं.

पाच सेकंद. मला तेवढंच आठवलं. पाच सेकंदांत बाहेर यायचं असतं. मी मोजायला लागलो. एक, दोन, तीन, चार, पाच. कोणी बाहेर आलं नाही. सहा, सात. धुळीत काही दिसत नव्हतं. त्या वेळी मी ताईला काय सांगायचं याची वाक्यं जुळवत नव्हतो, असं मी नंतर पुष्कळांना सांगितलं. ते खोटं आहे. जुळवत होतो. पहिलं वाक्य तयारही झालं होतं.

शेजारचे ते वेल्डिंगवालीचे वडील माझा दंड धरून उभे होते. "हलू नका," म्हणाले, "उलटी झाली की आपणहून बाहेर यायचं नसतं, माणसं येईपर्यंत थांबायचं असतं. माझ्या मुलीने सांगितलंय." आणि खरोखर, मार्गावरची माणसं धावत गेली, बटण बंद केलं. सांगाड्यातून एक हात बाहेर आला. पट्ट्याने बांधलेला, म्हणून मनगटापासूनच फक्त. तो हलला. त्याने अंगठा वर केला की नुसता हलवला हे मला दिसलं नाही.

चौघांनी गाडी सरळ केली. ती तपासायला बाजूला आणली. पुढची एक कांब वाकली होती. डॉक्टरने पोराची मान, डोळे पाहिले. कॅप्टनने विचारलं, "दुसऱ्याला बसवू?" भाचा म्हणाला, "तो साठ किलोचा आहे." पोरांनी कांब हातोड्याने सरळ केली. तपासनीस पुन्हा आले, पुन्हा सगळं पाहिलं, पुन्हा खुणा केल्या. या वेळी मला वाटत होतं की यांनी काहीतरी काढावं, एखादा रकाना कोरा निघावा, आणि गाडी परत पाठवावी. काही निघालं नाही. सगळं नियमात होतं. मी त्याच्यासमोर उभा होतो, एक शब्द बोललो असतो तर तो उतरला असता. मामा होतो, आणि कागदावर तर पालकच.

मी त्याच्या हाताचा पट्टा ओढून बघितला. घट्ट होता.

लाल फडकं पुन्हा सुरू झालं. चौकड्यांचं निशाण पडलं तेव्हा आमची गाडी चालत होती. कितवा नंबर आला ते लिहीत नाही, पोरं अजून वाचतात. पण शेवटपर्यंत चालणाऱ्या गाड्यांत होती, आणि त्या दिवशी कितीतरी नव्हत्या.

सोमवारी संध्याकाळची गाडी. दिवस मोकळा होता म्हणून काका मला माणिकबाग दाखवायला घेऊन गेले. या जागेविषयी मी पूर्वी वाचलं होतं. इंदूरचे शेवटचे राज्यकर्ते महाराज यशवंतराव होळकर, दुसरे. बापाला १९२६ साली गादी सोडावी लागली, बावला खून प्रकरणामुळे, तेव्हा हे अठराएक वर्षांचे. कारभाराचे पूर्ण अधिकार १९३० साली मिळाले. एकार्ट मुथेसियस नावाच्या तरुण जर्मन वास्तुशिल्पीकडून त्यांनी हा महाल बांधून घेतला. नक्षी नाही, घुमट नाही, सरळ रेघांचा, त्या काळच्या युरोपातही नवा वाटावा असा. ब्रांकुसीसारख्या शिल्पकाराकडून ध्यानमंदिर करून घ्यायचं ठरलं होतं, तो इंदूरला येऊनही गेला, पण मंदिर झालं नाही. आणि या महाराजांना मोटारींचा शौक. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसची ड्यूसेनबर्ग, तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून चढवलेलं अंग. ज्या कंपनीच्या गाड्यांनी इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत १९२४, १९२५ आणि १९२७ साली जिंकली होती ती ही कंपनी. महाराजांच्या गाडीचं इंजिन आठ सिलिंडरचं, कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ३२० अश्वशक्तीचं. आमच्या बत्तीस गाड्या एकत्र बांधल्या तेव्हा ती एक! ड्यूसेनबर्ग कंपनी १९३७ साली बुडाली. महाराणी संयोगिताराजेही त्याच साली गेल्या. महाराज १९६१ ला वारले, आणि महालातल्या सामानाचा १९८० साली मोनॅकोत लिलाव झाला.

महालात आता कोण असेल? केंद्रीय उत्पादन शुल्क, म्हणजे अलीकडचं जीएसटी कार्यालय! मी फाटकातून पाहिलं आणि मला हसूच फुटलं. जिथे ती ड्यूसेनबर्ग येऊन थांबत असेल तिथे कर्मचाऱ्यांच्या स्कूटर. एक गृहस्थ फायलींचा गठ्ठा छातीशी धरून आत चालले होते. काका म्हणाले, ओळख सांगा, आत सोडतील. मी नको म्हटलं. सोमवारचा दिवस, त्यांच्या टेबलावर काम असणार.

गोव्याला परतलो. चार दिवस मी ताईकडे गेलो नाही. पाचव्या दिवशी ती स्वतःच आली, लाडवांचा डबा परत न्यायला. भाच्याने तिला मोबाईलवरचं चित्रण दाखवलं होतं. कोणीतरी कुंपणापाशी उभं राहून टिपलेलं, उलटण्यासकट. मला त्याने आधी सांगितलंही नव्हतं. बहुधा त्याला ते आणखी वागवणं जमेना.

मी कपाटातून झेरॉक्स काढून तिच्या हातात दिली. दुसरं काय करणार? तिने चष्मा लावला आणि सगळा कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मी करतो तसा, एकेक रकाना बोट ठेवून. 'मामा'वर बोट क्षणभर थांबलं, पुढे गेलं. मग 'प्रकृतीच्या कारणास्तव' वर थांबलं.

"माझ्या प्रकृतीला काय झालं?" ती म्हणाली.

मी गप्प.

"तो उलटा पडला तेव्हा तू कुठे होतास?"

"कुंपणापाशी."

"आणि परत बसला तेव्हा?"

"समोर."

तिने कागदाची घडी केली, डब्यात घातली, डब्याचं झाकण लावलं आणि गेली. शिगमा होईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. शिगम्यालाही, रोमटाच्या गर्दीत, फक्त "बाजूला सर, वाट दे," एवढंच.

पुढच्या वर्षी पोराचं शेवटचं वर्ष. पुन्हा तोच कागद आला. या वेळी तो माझ्या टेबलावर आला तो भरूनच. ताईने स्वतः भरला होता, तिच्या शाळेतल्या वळणदार अक्षरात, नुसतं बघून घे म्हणून पाठवला होता. सही तिने चुकून साक्षीदाराच्या रकान्यात केली होती आणि तारीख घातली नव्हती. मी तसाच पुढे पाठवला.